शिट्टी नसलेलं भांडं

देवळाली कॅम्पात बदलीचा हुकूम आला की
सामान व्हरांड्यात येतं.
मेजरच्या बायकोनं चिनीमातीचं एक जड भांडं पुढे सरकवलं,
विजेवर चालणारं, काचेच्या झाकणाचं.
याला शिट्टी नसते, म्हणाली. आठ तास लागतात.
घाई असेल तर घेऊ नका.

घाई मला कायमचीच.
अंबडच्या कंपनीत मिनिटाला चौदा स्विच जोडते मी.
पण तिच्या बोलण्यातलं मी एवढंच ऐकलं,
शिट्टी नसते.
पाचशे रुपये मोजून दिले.

करार अकरा महिन्यांचा, त्यात लिहिलेलं काही नव्हतं.
मालकीणबाई किल्ली देताना म्हणाल्या होत्या,
"तुम्ही तसलं काही करत नसालच."
वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं.
तरी दादाराव नाही म्हणाला.
दोनदा म्हणाला.

तेव्हापासून शिट्ट्या मोजून होतात आमच्याकडे.
भाताच्या दोन, डाळीच्या तीन.
चौथी झाली की खालच्या मजल्यावरची खिडकी विचारते,
आज काय विशेष?

घोटीहून यमुनाआत्यानं चान्या धाडल्या,
चुलीवरच्या तारेला टांगून
बाभळीच्या धुरात काळ्या केलेल्या,
वहाणेच्या अंगठ्यासारख्या कडक.
वर्तमानपत्र, त्यावर प्लास्टिक,
त्यावर आमूचाच लहानपणीचा स्वेटर.
चोरीचा माल यावा तशी एसटीनं आली
आमच्या घरची चव.

रविवार कारंजावरचे पांढरे वाटाणे
सकाळी कामाला जाताना भिजत घातले.
संध्याकाळी ते पातेल्याबाहेर डोकावत होते.
चान्या धुतल्या, पाणी तपकिरी झालं,
ते ओतून द्यायला हात धजेना.
कांदा, ठेचलेला लसूण, काळा मसाला.
मीठ शेवटी, नाहीतर वाटाणा रुसतो.

रात्री दहाला बटण फिरवलं.
दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला.
थंडी होती. निफाडकडे द्राक्षांच्या बागांत
शेकोट्या पेटल्या असणार.
कुणी विचारलंच तर धूर तिकडचा,
असं आम्ही ठरवलं,
अंधारात, नवरा-बायकोनं, हळू आवाजात.

भांडं काही बोलेना.
झाकणाला आतून थेंब धरायचे, ओघळायचे.
आमू पुन्हा पुन्हा उठून काचेला नाक लावी.
"आई, हे शिजतंय की झोपलंय?"

चारच्या सुमारास लाईट गेली.

चमच्यानं एक वाटाणा काढून दाताखाली धरला.
बाहेरून मऊ, आत खडू.
चान्या नुसत्याच भिजलेल्या, हट्टी.
सातला दादारावची पाळी, साडेसहाला माझी बस.
"राहू दे," तो म्हणाला, "रात्री लावू पुन्हा."
रात्रीपर्यंत नासलं असतं.
आत्यानं तीन आठवडे धूर राखला होता त्यासाठी.

मी मांडणीवरचा पाच लिटरचा कुकर काढला.
सगळं त्यात ओतलं.
शिट्टी फुंकून पाहिली, बसवली.
गॅस मोठा केला.

वीज नसलेल्या इमारतीत केवढं ऐकू येतं.
फ्रिज गप्प, पाण्याची मोटर गप्प.
पहिली शिट्टी झाली
आणि दादारावनं माझ्याकडे पाहिलं.
दुसरीला आमू बोटं मोजू लागली, मोठ्यानं.
तिसरीनंतर
आत्याची चूल जिना उतरत गेली,
एकेका दारापाशी थांबत.

चौथी.
मी फटीतला टॉवेल ओढून काढला, पिळला,
खिडकीच्या गजाला वाळत टाकला.
खालची खिडकी करकरली.
"आज काय विशेष?"
"वाटाणे," मी म्हणाले.
मग जरा थांबून, "आणि मटण. धुरावरचं."

खालून काही आलं नाही.
"पाच," आमू म्हणाली.
मी परातीत बाजरीचं पीठ घेतलं.
करार संपायला अजून चार महिने होते,
आणि चान्यांना
अजून तीन शिट्ट्या तरी हव्या होत्या.